आठवडाभर वजन उचलायचं नाही

डबा हातात घेऊन ही दारात उभी होती आणि काही केल्या तो मला देत नव्हती. बाजूने जाऊही देत नव्हती. दवाखान्यातल्या सिस्टरने काय सांगितलं होतं, असं तिने पुन्हा एकदा विचारलं. मी म्हणालो, बरंच काही सांगितलं होतं, सगळं कुठे लक्षात राहतं. खरं तर शब्दन्‌शब्द लक्षात होता. आठवडाभर वजन उचलायचं नाही, हे तर सिस्टरने निघताना दारापर्यंत येऊन परत बजावलं होतं. आणि आज कुठे तिसरा दिवस होता.

माझं कामच वजन उचलण्याचं. आम्ही काचवाले. दुकानांच्या, ऑफिसांच्या मोठमोठ्या काचा कारखान्यातून नेऊन जागेवर बसवतो. असली काच एकट्याने हलत नाही, जोडी लागते, आणि माझी जोडी हिच्या सख्ख्या भावाशी. तिशी उलटली, टाळू दिसायला लागली, तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणतात. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता, ताप उतरला का विचारायला. कामावर मी तापाची थाप मारली होती. चौथ्या मजल्यावरच्या एका ऑफिसची काच चढवायची होती, लिफ्टमध्ये मावत नव्हती. मालक दुसरा माणूस द्यायला तयार होता, पण धाकटाच अडून बसला होता. दुसऱ्या कुणाबरोबर ती काच मी धरणार नाही, दाजी, मला माझा जीव प्यारा आहे, म्हणाला. आता यावर काय बोलायचं?

“सांगा ना त्याला खरं काय ते,” ही म्हणाली. “माझाच भाऊ आहे. खाणार आहे का तुम्हाला?”

खाणार नव्हता. हसणार होता, आणि तेच मला नको होतं. मागे कारखान्यात काचेच्या कडा घासणाऱ्या एकाने नसबंदी करून घेतली होती. बातमी कुठून फुटली देव जाणे, पण धाकट्याने त्याच दिवशी त्याचं नाव बैल ठेवलं. ज्याची नस कापली त्याच्या मनगटात काय राहणार, असं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणाला, आणि सगळा कारखाना पोट धरून हसला. पुढे त्या माणसाबरोबर काच धरायला कुणी तयार होईना. तोंडावर कुणी काही म्हणत नसे, पण त्याचं नाव निघालं की ज्याला त्याला नेमकं दुसरं काम आठवायचं. शेवटी तो बिचारा काम सोडून गेला.

बैलाचं जे करतात त्याचा आणि याचा काडीचा संबंध नाही, हे मला आता कळतं. आधी मलाही कुठे माहीत होतं? परवा मी स्वतः टेबलावर आडवा झालो तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते. दात काढताना देतात तसलंच इंजेक्शन आहे, तोंड कशाला वाकडं करता, असं सिस्टर म्हणाली. सुई टोचल्याचं कळलं, मग आत कुठेतरी ओढल्यासारखं झालं, बस. धड टाकासुद्धा घातला नाही. आता सुरू करतील, मग सुरू करतील, म्हणून मी दात आवळून पडलो होतो आणि डॉक्टर केव्हाच हात धुवायला गेले होते.

मग सिस्टरने आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. बी पुढे जायची वाट तेवढी बंद केली आहे, बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. दाढी येईल, आवाज तोच राहील, अंगातली ताकद तसूभर कमी व्हायची नाही, आणि बायकोजवळ जाल तेव्हा तुम्हालाही फरक कळणार नाही आणि तिलाही. हे ऐकून ही जमिनीवरच्या फरशा मोजायला लागली. मी म्हणालो, म्हणजे आजपासून आम्ही मोकळे. सिस्टरने कपाळावर हात मारला. मोकळे-बिकळे काही नाही, वाटेत आधीचं उरलेलं असतं, तीन महिन्यांनी तपासणी करायची आणि ती साफ आली की मग मोकळे. तोवर आधीसारखीच काळजी घ्यायची. माझ्यासारखेच पुष्कळ जण हे ऐकत नाहीत आणि मग घरात बायकोवर संशय घेतात, असंही ती म्हणाली. हिने लगेच मान डोलावली.

काळजी घेणं आम्हाला भागच होतं. दुसऱ्या बाळंतपणात ही जवळजवळ गेलीच होती. पोट फाडून मूल काढलं, ते ठणठणीत, पण हिचं रक्त थांबेना. धाकट्याचं रक्त जुळलं म्हणून वाचली. तिसरं झालं तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. ऑपरेशन हिचंच होणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, कारण ते बाईनेच करून घ्यायचं असतं म्हणे. मला ते बघवेना. त्या पोटावर आणखी एकदा सुरी फिरायची, हा विचारच नको वाटत होता. म्हणून मी गेलो. त्यात मोठेपणा कसला, भीतीच होती ती.

शेवटी, धाकट्याला एक अक्षर सांगायचं नाही, अशी मी हिला माझी शपथ घातली. तिने डबा माझ्या हातात आदळला. चांगला जोरात आदळला.

जाताना माझं गणित पक्कं झालं होतं. आज ही काच वर नेऊन ठेवायची. मग उद्या बातमी फुटली तर फुटू दे. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी चार मजले काच चढवली, आता बोल माझ्या मनगटाबद्दल, असं मी धाकट्याला सुनावणार होतो. वाटेत मी ते दोन-तीनदा मनात म्हणूनही पाहिलं.

जिन्यावर काच नेताना खालच्या माणसावर जास्त भार येतो. खाली नेहमी मी असतो. त्या दिवशी टेम्पोतून काच उतरवतानाच धाकटा म्हणाला, तापातून उठलाय तुम्ही, वरची बाजू घ्या, मी खाली राहतो. मी मुकाट्याने वरची बाजू घेतली. वर भार कमी असतो हे खरं, पण वरच्याची पकड सुटली तर काच सरळ खालच्याच्या छातीवर जाते. हे आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं.

पहिला मजला सहज गेला. मी पाठमोरा एकेक पायरी चढत होतो आणि धाकटा खालून थट्टा करत होता, की तापाने तुमचं वजन उतरलं, ताईला म्हणावं जरा खाऊ घाल. दुसऱ्या मजल्यानंतर जांघेत ओढ लागली. मी दात आवळले. पुढच्या वळणावर काच तिरकी करायला कमरेत वाकलो आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता.

काच डुगडुगतेय, असं धाकटा म्हणाला. काही नाही, चल, असं मी म्हणालो.

आणखी काही पायऱ्या मी निव्वळ हट्टाने चढलो. थांबलो असतो तर झालो असतो बैल. उद्यापासून माझं नाव निघालं की सगळ्यांना दुसरी कामं आठवणार होती, आणि पहिलं काम धाकट्यालाच आठवणार होतं. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. वर बघत होता तो, माझ्याकडे, अगदी निर्धास्त. मी धरलंय म्हटल्यावर त्याला कसली काळजी असणार? आणि माझा हात पकड सोडून कळ आली त्या जागेकडे जाऊ बघत होता. मला एकदम हिची आठवण झाली. काच सुटली तर घरी जाऊन हिला मी काय सांगणार होतो? माझी भीतीने गाळण उडाली.

“ठेव,” मी म्हणालो. “धाकट्या, वरच्या वळणावर घे आणि खाली ठेव.”

त्याने एका शब्दाने विचारलं नाही. सगळा भार स्वतःवर घेत त्याने काच वळणापर्यंत रेटली. आम्ही ती आधीच टाकून ठेवलेल्या पुठ्ठ्यावर टेकवून भिंतीला लावली आणि मी कठडा धरून वाकून उभा राहिलो. परत ताप भरला का, म्हणून तो माझ्या कपाळाला हात लावायला आला. मी त्याचा हात बाजूला केला.

“ताप नव्हताच. परवा नसबंदी करून घेतली मी.”

त्याने आधी जिन्यात खाली कुणी आहे का ते पाहिलं. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, “ताईनं करायला लावली?”

“नाही. तिचं पोट परत कापू द्यायचं नव्हतं मला. रक्त तूच दिलं होतंस ना? तुला वेगळं काय सांगू?”

मला वाटलं, आता हसेल. त्याचा चेहरा मात्र लालबुंद झाला.

“आणि मला न सांगता काचेखाली उभं केलंत? मेलो असतो मी, दाजी.”

“सांगितलं असतं तर धरली असतीस माझ्याबरोबर काच?”

तो खाली वाकून काचेखालचा पुठ्ठा नीट करायला लागला. मीच बोलत सुटलो, की ताकद कुठे गेलेली नाही, जखम ओली आहे एवढंच, हर्नियाचं ऑपरेशन झालं असतं तरी डॉक्टरांनी हेच सांगितलं असतं, पुढच्या आठवड्यात याच जिन्यावर ये. त्याने अर्धंच ऐकलं असेल. खिशातून फोन काढून तो पायऱ्या उतरून गेला.

मी काचेला हात लावून उभा राहिलो. गेली आपली जोडी, असं वाटलं. त्याला रागवायला मला तोंडच नव्हतं. शपथ मी घातली होती, थाप मी मारली होती, आणि जीव मात्र त्याचा टांगणीला लावला होता.

खालून त्याचा आवाज वर येत होता. तो मालकाशी बोलत होता. टेम्पोच्या ड्रायव्हरला वर पाठवा, दाजी आठवडाभर उचलणार नाहीत, म्हणत होता. मग जरा थांबला. पलीकडून काहीतरी विचारलं असणार.

“कसलं म्हणजे? नसबंदीचं ऑपरेशन झालंय त्यांचं.”

मी डोळे मिटून घेतले.

“हसू नका,” धाकटा म्हणाला. मग पुन्हा, जरा चढ्या आवाजात, “हसू नका म्हणतोय ना मी.”

त्यानंतर त्याने आणखी एक फोन केला. त्यात तो फारसं बोललाच नाही. फक्त हो ताई, बरं ताई, कळलं ताई, एवढंच ऐकू येत होतं. मग तो रस्त्याकडे निघून गेला.

वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि हातात दुकानातली गार पाण्याची बाटली होती. फडक्यात गुंडाळलेली. मी झाकण उघडायला लागलो तर त्याने मान हलवली. प्यायला नाही, दुखतंय तिथे ठेवायला, ताईनं सांगितलंय, म्हणाला.

मग मी पायरीवर बसून ती नीट ठेवेपर्यंत तो माझ्याकडे पाठ करून जिन्यात आडवा उभा राहिला. खालून ड्रायव्हर वर येत होता. त्याला त्याने तिथेच थांबायला सांगितलं.