आडवी डहाळी

कोंडाणे लेण्यांच्या वरच्या अंगाला, डोंगरात, ललिताची ठाकूरवाडी. तिथे दर हिवाळ्यात एका संस्थेतर्फे कोणी ना कोणी इंग्रजी शिकवायला येई, काही आठवडे मुलांना नाक-कान-डोळे शिकवी, निरोपाला गळ्यात पडून रडे आणि जाई. पुढचा आला की पुन्हा नाकापासून आरंभ. परोपकाराला सलगपणाचे वावडे असते. त्यांच्यापैकीच एक, मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीतला प्रवीण, आता व्हिएतनाममधल्या हुए शहरात त्याच संस्थेचा व्यवस्थापक होता. पदवीधर झालेल्या ललिताला त्यानेच स्वयंसेविका म्हणून बोलावून घेतले. संस्थेच्या पत्रकावर तिचा फोटो झळकला: ‘जंगलातून जगाकडे’.

आपण तसले पाहुणे व्हायचे नाही, हे तिने ठरवले होते. हुएमधल्या वर्गातल्या मुलांना घेऊन ती शहरभर पायी हिंडे. नदी, पूल, तटबंदी, भाजीवाल्या. जे दिसेल त्याचे इंग्रजी. मुले बोलू लागली. सर्वांत हुशार लान नावाची मुलगी. चालीने मात्र सर्वांत मंद.

त्या दुपारी तटबंदीच्या आतल्या गल्ल्यांतून ललिता पुढे चालली होती. डोंगरात पुढचा माणूस जी वाट घ्यायची नाही तिच्यावर हिरवी डहाळी आडवी टाकतो. मागचा ती पाहून आपल्या चालीने येतो. फाट्यावर पडलेली एक फुललेली डहाळी तिने उजव्या गल्लीच्या तोंडाशी आडवी ठेवली आणि ती डावीकडे वळली. त्या खुणेचा अर्थ इथल्या मुलांना सांगावा लागेल, हे तिच्या मनाला शिवलेही नाही.

नदीवर पोचल्यावर लान दिसेना.

मुलांना वर्गात पोचवून, प्रवीणला फोन करून ती धावत माघारी फिरली. फाट्यावर डहाळी नव्हती. उजव्या गल्लीत, एका बंद दुकानाच्या पायरीवर लान हुंदके देत बसली होती. डहाळी तिच्या मांडीवर.

“तुमच्यासाठी, टीचर,” ती इंग्रजीत म्हणाली. “फुलं होती म्हणून उचलली.”

मागून प्रवीण आला. त्याने आधी फोटो काढला.

“हस की जरा! शिक्षिकेला फुलं, झकास.”

“प्रवीणदादा, पोर हरवली होती. माझ्यामुळं.”

“सापडली ना? मग हरवली नव्हती. तिची आजी येतेय, मी बोलतो. हे बाहेर गेलं तर वर्ग बंद आणि तू घरी. वाडीतून इथवर कोणी आणलं गं तुला?”

“तुमी आमाला नाक शिकवून गेलात, दादा. डोळे शिकायला पुढच्या हिवाळ्यापतोर थांबलो आमी.”

आजी आली. प्रवीण तिच्याशी व्हिएतनामीत काही बोलला, आणि तिने ललिताचे दोन्ही हात कपाळाला लावले. ललिता इंग्रजीत म्हणाली, “मी हिला मागं सोडलं. चूक माझी आहे.” प्रवीणने हसतमुखाने लांबलचक भाषांतर केले. आजी आणखीच वाकली.

लानने एकदा प्रवीणकडे, एकदा ललिताकडे पाहिले. मग नकारार्थी मान जोरात हलवून, फाट्याकडे बोट दाखवून ती आजीशी स्वतःच बोलू लागली. ललिताला शब्द कळले नाहीत. आजीचे हात सुटले, तेवढे कळले.

“छान शिकवलंस इंग्रजी,” प्रवीण पुटपुटला.

आजी नातीला ओढत गल्लीच्या आत निघाली. लानच्या हातून डहाळी निसटून वाटेत आडवी पडली. ललिता त्यांच्यामागे धावली, आणि डहाळीपाशी थांबली.