माशांचा जप

सकाळी सहाला तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नसायची. काठावर मंडप टाकून बसलेल्या बाबांनी हात उंचावून "उठा, लेकरांनो!" म्हटलं की हिरव्यागार पाण्यातून शेकडो मासे वर येत आणि तोंडांची उघडझाप करत राहत.

"पाहा, जप करतायत! मुक्या जिवांना कळलं, तुम्हाला कधी कळणार?"

गर्दी गहिवरायची आणि पावाचे तुकडे पाण्यात भिरकावायची.

पाणी तपासणाऱ्या बाईंच्या डोक्याला मात्र ताप झाला होता. हे तळं म्हणजे नदीचाच जुना फाटा. रस्ता झाला तेव्हा जिच्यातून पुराचं पाणी ये-जा करायचं ती मोरी बुजली, आणि वस्तीचं सांडपाणी तळ्यात येऊ लागलं. मोरी उघडायची मंजुरी मिळाली होती, पण नेमका तिच्या तोंडावरच बाबांचा मंडप! आणि मंडपात पहिल्या रांगेत बाईंच्या सासूबाई.

"आई, बाबांना एकदा दुपारी जप ठेवायला सांगा ना."

"विचारलं होतं मी. दुपारी माशांचं मौन असतं."

"बरं सोयीचं मौन आहे!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई सासूबाईंना पलीकडच्या काठावर घेऊन गेल्या. तिथेही मासे वर आलेले, तोंडं वासून.

"अगंबाई! बाबा तर अजून मंडपात घोरतायत."

बाईंनी बादलीत स्वच्छ पाणी घेतलं, हवा मिसळावी म्हणून दुसऱ्या बादलीत उंचावरून चार-पाच वेळा ओतलं आणि जाळीने दोन मासे त्यात सोडले. थोड्या वेळात मासे तळाशी जाऊन निवांत फिरू लागले.

"जप विसरले वाटतं," बाई म्हणाल्या.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना जुना दमा होता. "अगं, हे धापा टाकत होते," त्या हळूच म्हणाल्या. "माझा दमा उसळला की मी अशीच करते."

"तेच तर! सांडपाण्याच्या खतावर शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच तो संपवतं. पहाटे माशांना श्वास पुरत नाही. त्यात तुमचे पाव कुजतात."

सासूबाई तडक मंडपात शिरल्या. गर्दी जमलेलीच होती.

"बाबा, लेकरं गुदमरतायत आणि तुम्ही नमस्कार घेताय?"

"माते, ती भक्तीची धाप आहे..."

"असं? या इकडे, तुमचं नाक-तोंड दाबून धरते. होऊ दे भक्ती!"

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा मंडप हसला. बाबांनी दुपारपर्यंत गाशा गुंडाळला.

मोरी उघडली, सांडपाणी वळवलं. पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा आत-बाहेर करू लागली. दोन वर्षांत पाण्याचा हिरवा रंग उतरला आणि पहाटे मासे वर यायचे थांबले.

हात जोडायची घाई करू नका, लोकहो. नमस्कार कुठे पळून जात नाही. गुदमरणारा जीव मात्र थांबत नाही. आधी त्याला काय होतंय ते बघा.