मुद्दे वरून येतात

मित्रांनो, मी वक्तृत्व स्पर्धेची एक जुनी फिरती ढाल आहे. आजवर मी कुणाचा एक वारही झेललेला नाही. झेलली ती नुसती भाषणे. आता मात्र माझे कान किटले आहेत.

हुपरीच्या एका कारागिराने सागवानी लाकडावर चांदीच्या मुलाम्याचा पत्रा बसवून मला घडवले. जी शाळा जिंकेल तिच्या कपाटात मी वर्षभर राहते आणि जिंकणाऱ्या मुलाच्या नावाची पट्टी माझ्या अंगावर ठोकली जाते. पूर्वी विषय असत झाडांचे, वाचनाचे. मुलेही आपल्या मनाचे बोलत. मग सरकारला वाटले, आपले परराष्ट्र धोरण पोरांच्या तोंडून गावोगाव पोचवावे. तेव्हापासून विषय एकच, 'आपला शेजारी देश', आणि काय बोलायचे ते मुद्देही वरूनच छापून येतात. देशाचे नाव मी सांगत नाही. माझे सांगून होईपर्यंत तो पुन्हा मित्र झालेला असेल!

गेल्या वर्षी गारगोटीच्या संयोगिताने मला जिंकले. "अडीअडचणीला धावून येतो तो शेजारी," असे ती म्हणाली आणि परीक्षक विजयसिंह सर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तिची धाकटी बहीण निशिगंधा मग वर्षभर कपाटाच्या काचेला नाक लावून मला बघत असे. ताईच्या पट्टीखाली आपली पट्टी लागावी, एवढाच तिचा ध्यास. विषय तोच, म्हणून पोरीने ताईचेच भाषण पाठ केले. स्पर्धेला चार दिवस उरले असताना तो देश वैरी ठरला. नव्या मुद्द्यांचा कागद गारगोटीला पोचलाच नाही आणि घोकंपट्टीत बुडालेल्या निशिगंधाच्या हे गावीही नव्हते.

कोल्हापूरच्या सभागृहात तिने पहिले वाक्य म्हटले आणि कुजबुज सुरू झाली. पाठीमागून एक पालक ओरडला, "ए, खाली बस! त्येंच्या देशात जा की!" विजयसिंह सरांनी घंटी वाजवून तिला थांबवले. मी टेबलावर बसून बघत होते. नुसती चिडचिड झाली माझी.

निशिगंधा खाली उतरली नाही. ती सरांच्या टेबलाशी आली.

"सर, माझ्या ताईनं हेच भाषण केलतं की. तवा तुम्हीच टाळ्या वाजिवल्या नव्हं?"

"तवा ते बरोबर हुतं, बाळ."

"मग आता ते खोटं झालं व्हय?"

"खोटं न्हाय गं. मुद्दं बदलल्यात."

"का बदलल्यात?"

सरांनी कागद उलटून पालटून बघितला. ते काही त्यात छापलेले नव्हते.

जिंकला जयसिंगपूरचा राजवीर. मुठी आवळून त्याने शेजारी देशाला असे झोडपले की सभागृह दणाणून गेले. मला काखोटीला मारून तो बाहेर पडला, तेव्हा निशिगंधाने डोळे पुसत त्याला गाठले.

"त्या देशानं नेमकं केलंय काय रं?"

राजवीर थबकला. "मला काय म्हाईत? मी पाठ केलंय."

मित्रांनो, मला जरूर जिंका. पण कुणावर माया करायची आणि कुणाचा राग धरायचा, हे छापून हातात पडले, तर आधी 'का' ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर मला खुशाल टेबलावरच सोडून जा. धूळ बसली तरी चालेल.