पुलाखालचा बुद्ध

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला प्रयोंगने शेवग्याची आंबट आमटी केली होती. सानितला तीच आवडायची. भन्तेंच्या पात्रात पडली की त्याला पोचते, एवढंच तिला ठाऊक होतं. आणि पडायला हवी ती दुपारी बाराच्या आत. दुपारनंतर भिक्खू अन्नाला शिवत नाहीत. तिनेही आज अष्टशील घेतलं होतं, म्हणजे तिलाही दुपारनंतर उपासच.

विहार समोरच होता. पूर्वी भन्ते पहाटे रस्ता ओलांडून तिच्या गल्लीत यायचे. मग रस्ता आठपदरी झाला, मध्ये भिंत आली आणि भन्तेंची वाट पलीकडेच राहिली. उरला तो लोखंडी पूल. तोही पार पेट्रोल पंपापाशी.

आमटी-भाताचा डबा घेऊन दुखऱ्या गुडघ्यांनी ती कशीबशी वरच्या पायरीवर पोचली, खाली पाहिलं आणि थबकली. वाहनांच्या कोंडीत, बरोबर पुलाखाली, एक ट्रक अडकला होता. त्यात नवी कोरी बुद्धमूर्ती. निघाली होती याच विहारात.

आता पुढे पाऊल टाकायचं म्हणजे तथागतांच्या मस्तकावरून चालायचं!

"ताई, वाट अडवून काय उभी राहिलीस?" पायथ्याशी फुलांच्या माळा विकणारी लमदुआन खालून ओरडली.

"खाली बुद्ध आहेत गं."

"अगं बाई! मग आता?"

"जातील पुढे. थांबते."

"कुठे जातात! पार पुढच्या वळणावरून फिरून यायचंय त्यांना. बुद्धालासुद्धा वळसा चुकला नाही, तू कोण लागून गेलीस?"

एक टाय घातलेला तरुण तिला वळसा घालून गेला. "आजी, त्यांना काही कळत नाही हो वर कोण चाललंय ते."

"मला कळतं ना, बाळा," ती हळूच म्हणाली.

विहारातला जेवणाचा नगारा वाजला. प्रयोंगने डबा छातीशी धरला. ट्रक हातभर सरकला, पुन्हा थांबला. सोनेरी मस्तक अजून पुलाखालीच. हात जोडून ती पुटपुटली, "जरा सरका हो, भगवंता." मागून येणारे तिला धक्के देत, पुटपुटत पुढे जात राहिले. सगळे त्या मस्तकावरून सरळ चालत गेले. कुणाचं काही बिघडलं नाही.

ट्रक निघाला तेव्हा बारा टळून गेले होते. विहाराच्या ओसरीवर धुतलेली पात्रं पालथी पडलेली तिला पुलावरूनच दिसली.

ती वळली आणि एकेक पायरी उतरून लमदुआनच्या शेजारी बसली.

"जाऊ दे गं, पुढच्या वर्षी देशील. समजून घेतील तुझे यजमान."

"त्यांनी जन्मात कधी गार आमटी खाल्ली नाही."

तिने डब्याचं झाकण काढलं, भातावर आमटी ओतली आणि कालवू लागली.

"अगं, आज अष्टशील ना तुझं?" माळ ओवणारा लमदुआनचा हात मध्येच थांबला.

"शील पाळावं पलीकडच्यांनी," प्रयोंग म्हणाली आणि शेवग्याची शेंग दातांखाली धरून ओरपू लागली.