आत्याच्या तोंडचं वाक्य

भाची म्हणजे अतिशहाणी! कष्टकऱ्यांच्या मुलाखती घ्यायचा प्रकल्प होता. "जे ऐकलं नाही ते लिहायचं नाही, नाहीतर थेट नापास," असं सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं. आणि घरातच आत्या होती, इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुऊन धुऊन हात सोलवटलेली. तिच्याशेजारी बसून चार प्रश्न विचारायचे, एवढंच काम. पण तेवढं कोण करतो! 'आत्याला मी ओळखत नाही होय?' म्हणत बाईसाहेबांनी अख्खी मुलाखत मनानेच ठोकून दिली.

सर खूश झाले. इतके, की आत्यालाच वर्गात बोलावलं. भाचीला टाळायला काही निमित्त सुचेना, आणि आत्या तर ठेवणीतले कपडे घालून कधीच तयार.

पहिल्या बाकावर ती अवघडून बसली. सरांनी वाचून दाखवलं, "'भावाच्या पोरांसाठी मी लग्न केलं नाही. पण मला कशाचीच खंत नाही.' ताई, असं म्हणायला केवढं मोठं मन लागतं!"

आत्याने भाचीकडे पाहिलं. काय झालंय ते तिला चटकन उमगलं. चेहरा उतरला, तरी तिने मान हलवली.

"हो. म्हणाले होते मी असं. नाही खंत."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, हिनेही नाही. आणि आज हिला वाचवायला तीच बिचारी चारचौघांत हिचं वाक्य आपलं म्हणून बोलली होती.

भाची उठली. "सर, आत्या असं बोललीच नाही. मी तिला विचारलंच नव्हतं. सगळं मनचं लिहिलं."

टाळ्या थांबल्या. सरांनी आधी आत्याची माफी मागितली. मग भाचीला म्हणाले, "नापास."

बाहेर जिन्यात आत्या कडाडली, "गप्प बसायला काय झालं होतं, कार्टे? मी सांभाळून घेत होते ना! गेलं की वर्ष!"

भाचीला मान वर करवेना. "आत्या," तिने हळूच विचारलं, "खरंच खंत नाही तुला?"

आत्या पायरीवर टेकली. सोलवटलेली बोटं चोळू लागली.

"लिहून घेणारेस?"

"नाही."

"मग बस इथे," आत्या म्हणाली. "आहे गं. खूप आहे."