हेडरेस्टचा अभ्रा

“हलू नकोस गं, माप चुकेल!” लहानपणी फ्रॉकचं माप घेताना आप्पांचा आवाज मानेपाशी असा गुदगुल्या करत यायचा. शिंप्याची ती लेक मोठी झाली, गाड्यांच्या टकरी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, आणि आता पुतळ्यांना सीटवर बसवून त्यांची मापं घेऊ लागली.

काल सिग्नलला उभ्या असलेल्या आप्पांच्या गाडीला मागून टेम्पोनं ठोकलं. बंपर चेपला, एवढंच. “मला काही झालं नाही,” म्हणत आप्पा सकाळी सुईदोरा घेऊन बसलेसुद्धा.

तिचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. मागून दणका बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं जागीच राहतं, आणि मधल्या मध्ये मान नागासारखी वळते. पापणी लवायच्या आत. पुतळ्यांच्या माना तिनं संथ चित्रफितीत कितीदा पाहिल्या होत्या! डोकं अडवायला त्यामागचं हेडरेस्ट उंच हवं. आप्पांनी आपल्या गाडीतल्या हेडरेस्टला हौसेनं वेलबुट्टीचा अभ्रा शिवला होता, तो इतका घट्ट की उंची वाढवायचं बटणच आत गाडलं गेलं. हेडरेस्ट खांद्यांपाशीच बसलं. आणि तिनं, जिचं पोटच या विद्येवर, टाके बघून “काय सुरेख!” म्हटलं होतं.

“आप्पा, दवाखान्यात चला. मानेचा फोटो काढू.”

“फोटो? थांब, पावडर लावतो.”

“चेष्टा पुरे. मानेतली नस दबली असली तर? हाताला मुंग्या येतात का?”

“मी काय तुझा पुतळा आहे?”

“पुतळा परवडला. तो खोटं तरी बोलत नाही.”

“जा गं बाई कामाला. हा सदरा द्यायचाय मला.”

कात्री घ्यायला आप्पा वळले. मान नाही वळली. अख्खे आप्पा वळले. मग हातातल्या सदऱ्याच्या पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका उमटला. शेजारी दुसरा. सुई डाव्या हाताच्या बोटात रुतली होती, आणि आप्पा बटण लावतच होते.

तिनं हात धरला, सुई उपसली. परक्याच्या हाताकडे पाहावं तसे ते पाहत राहिले.

“दुखलं नाही, आप्पा?”

त्यांनी अंगठ्यानं ते बोट दाबून पाहिलं.

“कळलंच नाही गं पोरी,” ते हळूच म्हणाले. “कालपासून ही दोन बोटं मेल्यासारखी झालीत. शिंप्याचा हातच गेला तर मागे उरलं काय, या भीतीनं बोललो नाही.”