झाकण न बसणारा कुकर

मी एक जुना प्रेशर कुकर आहे, मित्रांनो. हसू नका. आता मला झाकणही बसत नाही, पण एके काळी या घराचा वरण-भात माझ्या शिट्टीशिवाय होत नसे.

पेणच्या बाजारातून मला अपेक्षाच्या मामाने आहेर म्हणून उचलले. लग्नात कुकर एकूण तीन आले. दोन वाटले गेले, मी राहिलो. पेणजवळच्या रामवाडीची अपेक्षा रोह्याकडच्या निडीजवळ या गावात सून म्हणून आली आणि तिच्या मागोमाग मीही आलो. तिचा नवरा नितेश धाटावला कंपनीत शिफ्टला जायचा. माणूस असा शांत, की वरणात मीठ विसरले तरी मुकाट्याने जेवायचा. त्याची आई सीताबाई म्हणायची, "माझा पोरगा म्हंजे देवमानूस हाय." मला मात्र तो जरा अळणीच वाटे.

मग एका संध्याकाळी शिफ्टवरून येताना खडीवर त्याची गाडी घसरली. हेल्मेट हँडलला अडकवलेले होते आणि मार डोक्याला बसला. कित्येक दिवस घरात चूल थंडच होती. तो दवाखान्यातून परत आला तेव्हा हातपाय धड, बोलणे स्पष्ट. सीताबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळ्यांना वाटले, सुटलो!

दुसऱ्याच सकाळी मी नेहमीसारखी पहिली शिट्टी दिली. नितेश दोन्ही कान दाबून ओरडत आत आला. त्याने गॅस बंद केला. वाफ जिरल्यावर सगळे शांत होईल असे मला वाटले, पण त्याने मला उचलले आणि अंगणात भिरकावले. माझ्या काठाला पोचा पडला तो तेव्हाचा. नंतर तोच माझ्याकडे बघून ढसाढसा रडला. मी चक्रावलो. हा कोण नवीन माणूस?

तेव्हापासून मला एकच उत्सुकता लागली. माणसाच्या डोक्यात असते तरी काय? शेजारी मयत झाली तर हा तिथे हसला. टीव्हीवरच्या जाहिरातीला रडला. सीताबाई म्हणाली, "बाहेरचं काय तरी लागलंय त्याला. नारळ उतरवूया गो."

"आई, डाक्टर काय बोलले इसरलात? कपाळामागं मार बसलाय. राग आवरायचं काम तिथंच चालतं. ते मुद्दाम नाय करत," अपेक्षा म्हणाली.

माझा व्हॉल्व्ह एकदा उडाला होता, तेव्हा रोह्याच्या बाजारात नवीन मिळाला. डोक्याचा कुठे मिळतो? कुणालाच ठाऊक नव्हते.

पोच्यामुळे झाकण बसेना, तसा मी वाल भिजत घालायच्या कामाला लागलो. हुद्दा उतरला, पण एक गंमत कळली. पूर्वी स्वयंपाकघराकडे न फिरकणारा नितेश आता माझ्याशेजारी बसून मोड आलेले वाल सोलू लागला. बोटांनी दाबून एकेक साल काढताना तो शांत असे. अपेक्षाही समोर बसे. ती दोघे तेवढीच एकत्र असत.

एके दिवशी पाहुणे आले. सगळ्यांनी नितेशची चौकशी केली. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हिच्या हातचं जेवन मला कदी आवडलंच नाय." अपेक्षाने चहाचा ट्रे तसाच सगळ्यांपुढे फिरवला. पाहुणे गेल्यावर ती एकटीच माझ्यापाशी बसून रडली. "खरं बोलले की मार बोलला, कसं कळायचं?" असे ती स्वतःलाच विचारत होती.

सकाळी तिने पिशवी भरली. ती परत येणार नाही, असे मला वाटले.

"आई, मी जाते," ती उंबऱ्यात म्हणाली.

वाल सोलणारा नितेश ताडकन उठला. चेहरा लालबुंद झाला होता. "जाते नाय! येते म्हन! येते म्हन्तात गो!"

घर हादरले. आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, आणि त्याच्या डोक्यातले कितीतरी सांडले होते तरी एवढे शिल्लक होते. अपेक्षा उंबऱ्यातून त्याच्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "येते."

ती पेणला गेली. माहेरी पोटभर झोपली म्हणे. इकडे नितेश दिवसभर विचारी, "आली काय?" सीताबाई तापलेल्या डोक्याचा हा संसार एकटीने ओढताना दमली आणि नारळाचे नाव काढेनाशी झाली.

चार-पाच दिवसांनी अपेक्षा आली. नितेश हसला नाही. "उशीर केलास," एवढेच चिडून म्हणाला. रात्रीच्या वरणात मीठ जास्त झाले, तेही त्याने बोलून दाखवले. या खेपेला ती हसली. "पूर्वी बोलला असतात तर कवाच सुधारलं असतं," म्हणाली.

मित्रांनो, जुना नितेश परत येईल का, हे मला सांगता येत नाही. हेल्मेट मात्र डोक्यावर घाला, हँडलला नको. आणि अशा घरी गेलात तर आजाऱ्याची चौकशी जरूर करा. पण उठण्याआधी त्याच्या बायकोलाही एकदा विचारा, "तू जेवलीस काय गो?"